पोरसचा चिखल

"मामा, पण मी खरंच जिंकलो का?"

भाच्यानं हे विचारलं तेव्हा रविवारच्या रात्रीचे पावणेनऊ वाजले होते, ताई भाकरीची टोपली घेऊन दारात उभी होती आणि टेबल मोकळं करायचा हुकूम तिसऱ्यांदा सुटला होता. ताई माहेरी आली की घरात तिचाच हुकूम चालतो. टेबलावर हिरवी चादर, तिच्या एका कडेला निळ्या अस्तराच्या कापडाची झेलम, आणि मधे अंगठ्याच्या नखाएवढी शिशाची माणसं आडवीतिडवी झालेली. भाचा पोरस, मी सिकंदर. दोघांकडं बारा-बारा पट्ट्या, म्हणजे माणसं चिकटवलेले पुठ्ठ्याचे तुकडे. ज्याच्या चार आधी जातील तो हरला. माझी चौथी पट्टी त्याच्या रथानं नुकतीच उडवली होती. "जिंकलास की लेका," म्हणून मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हत्ती डब्यात भरायला लागलो. त्यानं तो रथ हातातच धरून ठेवला होता. उलटासुलटा करून त्याच्याकडं बघत त्यानं विचारलं, आणि मी म्हणालो, "चल, हात धू."

उत्तर राहिलं ते राहिलंच.

झालं होतं असं. आमच्या या खेळाला तिसरा माणूस आहे, ते म्हणजे अप्पा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, गल्लीच्या तोंडाशी घर, आणि काखेत कायम एक लांबट वही. मावसभाऊ इंग्लंडहून परत येताना ही शिशाची सैन्यं घेऊन आला, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये त्याला जागा होईना म्हणून ती माझ्या गळ्यात पडली, आणि मी ती एका दुपारी गच्चीवर रंगवत बसलो असताना अप्पा डोकावले. ते आजतागायत उठलेले नाहीत. आमचे मूळ नियम सुटसुटीत आहेत, फासा टाकायचा आणि पट्ट्या पुढं सरकवायच्या. पण अप्पांच्या वहीत त्याला जोडून सतरा पानं आहेत आणि त्यांतली अडीच पानं नुसत्या चिखलाची. झेलमच्या डावात रथ हलवण्याआधी वेगळा फासा टाकायचा. एक, दोन किंवा तीन पडलं तर रथ रुतला. रुतलेला काढायला पुढच्या फेरीत पुन्हा फासा. तिरंदाजांना पाय रोवता येत नाही म्हणून त्यांचा एक गुण वजा. आणि हे सगळं वहीत लिहून ठेवायचं. त्या रविवारी सात वाजता गोळीची वेळ झाली म्हणून अप्पा उठून गेले. त्यांची पाठ वळली आणि तासाभरात मी चिखल पुसून टाकला. "असू दे रे, आता फासा नको, सरळ घाल रथ," असं म्हणालो. पोराला आनंद झाला, डाव भराभर संपला, भाकरी गरम मिळाली.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. पैसे सोडून रुपये धरायची सवय आहे. पोत्याला शंभर-दोनशे ग्रॅम इकडंतिकडं झालं म्हणून कुणी सौदा मोडत नाही. मोडायला लागलं तर सौदेच होणार नाहीत. या खेळातही माझं म्हणणं पहिल्यापासून तेच. ब्रिटनमधल्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपनं १९६९ पासून काढलेल्या प्राचीन युद्धाच्या नियमांत एक बाहुली म्हणजे वीस माणसं असं धरलेलं होतं आणि किती माणसं पडली ते तक्त्यात बघून काढायचं. वीस भरली की एक बाहुली उचलायची. मावसभावाकडं त्यातली एक जुनी झेरॉक्स होती. आम्ही एकदा त्या नियमांनी खेळायला बसलो. दुपारी तीनला सुरू केलेल्या डावात संध्याकाळी सातपर्यंत दोन्ही सैन्यं जेमतेम एकमेकांना भिडली होती, आणि अप्पा मात्र "एकतीस पडले, म्हणजे एक उचल, अकरा शिल्लक" करत इतके खूश होते की जणू धरणाचा विसर्ग मोजतायत. त्याच ग्रुपमधून १९९० साली डी बेलिस अँटिक्विटाटिस नावाचं नवं नियमपुस्तक निघालं. त्यात हे मुडदे मोजणं पार बंद. सैन्य बारा पट्ट्यांचं, डाव तासाभराचा. प्रत्येक फेरीला एक फासा, जितकं दान पडेल तितक्याच हालचाली. सहा पडले तर अर्धं सैन्य हलवा, एक पडला तर एकच काहीतरी हलेल आणि बाकीचे उभे राहतील. आम्ही खेळतो ते हेच.

अप्पांना हा एकाचा नियम मुळीच पटत नाही. "अरे, सेनापतीनं हुकूम दिला आणि हत्ती हललाच नाही, असं कसं? कारण सांग की काहीतरी. फासा म्हणजे कारण होय?"

याचं उत्तर मला सांगलीनंच दिलेलं आहे, अप्पांनाही दिलंय, पण ते विसरलेत. मी चौथीत होतो. आपल्या गणपतीच्या देवळाचा हत्ती सकाळचा फिरायला निघे, आणि शाळेच्या वाटेवर तो दिसला की दिवस चांगला जाणार असं आम्ही ठरवून टाकलेलं होतं. एकदा तो गटारावरच्या फरशीपाशी येऊन थांबला. फरशी त्याच्या नेहमीच्या वाटेवरची. पुढचा पाय उचलला, फरशीवर टेकवला, पुन्हा मागं घेतला. माहूत वरून काहीतरी पुटपुटला, मग खाली उतरला, कानामागं थोपटलं, केळं दाखवलं. हत्तीनं केळं खाल्लं आणि तिथंच उभा राहिला. मागं सायकली, दोन रिक्षा, कडब्याची एक बैलगाडी. कुणी हॉर्न वाजवला नाही, हत्तीच्या मागं उभं राहून हॉर्न वाजवण्याची हिंमत असणारा माणूस त्या रस्त्यावर नव्हता. मी इतका जवळ होतो की त्याच्या पापण्यांचे केस मोजता आले असते. लांब, राठ, केरसुणीच्या काड्यांसारखे. डोळा मात्र लहान, ओला, आणि तो कुणाकडंच बघत नव्हता. वीसेक मिनिटांनी, कुणी काही न करता, तो आपला आपण फरशीवरून निघून गेला. मला शाळेत उशीर झाल्याबद्दल छडी बसली. "हत्ती हलला नाही" हे कारण बाईंनी धरलं नाही.

तेव्हा एक पडला की हत्ती उभा राहतो, या नियमाशी माझं भांडण नाही. सतरा पानं लिहूनही अप्पांना जे पकडता आलं नाही ते त्या एका ठोकळ्यात आहे असं मला वाटतं. आजोबांनी मला बुद्धिबळ शिकवलं ते देशी नियमांचं, प्याद्याला पहिल्या चालीतही एकच घर आणि राजाला शह बसण्याआधी एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी. पुढं भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळात दोन सुट्ट्या जाऊन बसलो तेव्हा आंतरराष्ट्रीय नियम आले, राजाची उडी गेली, आजोबा हळहळले. पण दोन्ही बुद्धिबळांत हत्ती एकच. सरळ जातो, सरळ येतो, कधी बिथरत नाही. झेलमकाठी पोरसचे हत्ती बिथरले ते माहूत पडल्यावर, आणि मग त्यांनी आपला आणि परका असा भेद ठेवला नाही. इ.स.पू. २०७ मध्ये मेटॉरसच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅस्द्रुबल याच्या माहुतांजवळ छिन्नी आणि हातोडा असे. हत्ती आपल्याच लोकांवर उलटला की मानेच्या सांध्यात छिन्नी ठेवून ठोकायची. हे रोमन इतिहासकार लिव्हीनं लिहून ठेवलंय. मला ते वाचून पापण्यांचे केस आठवले आणि त्या दिवशी मी टेबलावरचे हत्ती नीट पुसून ठेवले, बाकी काही करता येण्यासारखं नव्हतं. छिन्नीचा नियम अप्पांनी वहीत लिहिलाय. तो मी कधी खेळू दिलेला नाही आणि तिथं मी वेळेचं कारण सांगतो, ते खोटं आहे.

खरं तर खेळात खरं किती धरायचं आणि सोडायचं किती, या भांडणात आपण सगळेच लहानपणापासून असतो. दिवाळीचा किल्ला आठवा. विटा, पोती, वर चिखलाचा लेप, त्यावर हळीव पेरलेलं. बाजारातून आणलेले मावळे दरवाजापेक्षा उंच, बाजीप्रभू बुरुजाएवढे, आणि महाराज सिंहासनासकट अख्ख्या बालेकिल्ल्याएवढे. थोरला चुलतभाऊ पाचवीपासून प्रमाणबद्धतेचा अभिमानी. तो पुठ्ठ्याचे बारके मावळे कापून उभे करायचा, ते पहिल्या दवात भिजून लोळायचे. धाकट्या चुलतभावाला किल्ल्यावर प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर हवा असायचा. ट्रॅक्टरवरून दरवर्षी रडारड होई आणि आजोबा तो चढाच्या पायथ्याशी, "गडाच्या खालच्या गावात" ठेवायला सांगत. महाराजांच्या आकाराबद्दल मात्र कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. ट्रॅक्टर खोटा होता, महाराज मोठेच असायचे. काय खटकतं आणि काय खटकत नाही याची आमची एक पक्की मोजपट्टी होती आणि ती कुणी लिहून दिलेली नव्हती.

युरोपात तर हे लष्करी अधिकाऱ्यांनी भांडून घेतलंय. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातल्या रायस्वित्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटनं नकाशा, तांबडे-निळे ठोकळे, फासे आणि हानीचे तक्ते घेऊन युद्धखेळ बसवला. पुढं तक्ते वाढत गेले आणि खेळ रेंगाळायला लागला. मग १८७६ मध्ये वेर्डी दु व्हर्न्वा या अधिकाऱ्यानं तक्ते बाजूला सारून, अनुभवी पंच सांगेल तोच निकाल, असं सुचवलं. मी हे अप्पांना मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. आमच्या खात्यातही साहेब सांगेल तेच पाणी."

आता चिखलाचं. २०१९ पर्यंत मी चिखलाच्या नियमाची उघड टिंगल करत असे. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांवर गेली आणि गावभागातलं आमचं घर खालच्या मजल्यासकट कृष्णेत होतं. आम्ही ताईकडं विश्रामबागेत. परत आलो तेव्हा पाणी उतरलं होतं आणि गाळ राहिला होता. तो मी हातांनी, खराट्यानं, फावड्यानं, शेवटी पत्र्याच्या तुकड्यानं काढला. लोण्यासारखा मऊ आणि तरी पाय धरून ठेवणारा, वास असा की जेवताना हातांना येई. एरवी दोघं उचलतो ते लाकडी कपाट आम्ही सहाजण हलवत होतो आणि सहाहीजण जागच्या जागी घसरत होतो; एकाचा पाय सुटला की बाकीच्या पाचांचा जोर वाया. कुणीतरी ओरडलं, "आधी पाय रोवा, मग उचला!" आणि पाय रोवायला जागाच नव्हती. सैन्याचा डबा त्याच कपाटावर होता. पाणी त्याच्यापर्यंत पोचलेलं होतं. शिसं काय बुडून मरत नाही, पण पट्ट्यांचे पुठ्ठे चहात पडलेल्या बिस्किटासारखे फुगले होते. सगळे धुतले, नव्या पट्ट्यांवर चिकटवले. एका हत्तीच्या पोटाखाली, चारी पायांच्या मधे गाळ वाळून बसलेला होता, तो तसाच राहिला. रंग अगदी हवा तसा आला होता.

त्यानंतर अप्पांच्या वहीतली अडीच पानं मी मुकाट्यानं खेळायला लागलो. सिकंदराचा इतिहास लिहिणारा रोमन लेखक कर्टियस म्हणतो की पोरसच्या एकेका रथात सहा माणसं होती, दोन ढालवाले, दोन तिरंदाज, दोन सारथी, आणि पावसानं भिजलेल्या जमिनीत ते रथ रुतून बसले. आपल्या तिरंदाजांचे बाण इतके लांब आणि जड की धनुष्याचं टोक जमिनीला टेकवल्याशिवाय बाण चढवता येत नसे, आणि जमीन निसरडी. सहाजण. कपाट. मला पुस्तकात वाचलेलं पहिल्यांदाच तळपायाला कळलं होतं.

म्हणून त्या रविवारी चिखल पुसला ते जास्त टोचलं. नुसता खेळ सोपा केला असता तर वेगळं. मी माहीत असून पुसला होता.

दुसऱ्या दिवशी पेढीवर गिऱ्हाईक नव्हतं, फोनवर एरियन उघडला, सिकंदराच्या मोहिमांचा ग्रीक इतिहासकार. लढाईनंतर साडेचारशे वर्षांनी लिहिणारा हा माणूस, पण त्याच्यासमोर सिकंदराबरोबर असलेल्या टॉलेमी आणि ॲरिस्टोब्युलस या दोघांचं लिखाण होतं. पोरसच्या मुलाला पुढं धाडलं तेव्हा त्याच्याबरोबर किती रथ होते? ॲरिस्टोब्युलस म्हणतो ६०, टॉलेमी म्हणतो १२०. दोघं त्याच मोहिमेतले! हे रथ चिखलात निकामी झाले, हे एरियनलाही मान्य आहे. पण ती पहिली चकमक. मुख्य लढाईसाठी पोरसनं जागा निवडली ती, एरियनच्या शब्दांत, चिखल नसलेली, वाळूची, सपाट आणि टणक. तिथं त्यानं २०० हत्ती उभे केले, दोन हत्तींत शंभर फुटांहून कमी अंतर नाही. मी सवयीनं कॅल्क्युलेटरवर केलं: वीस हजार फूट, सहा किलोमीटर. गणपतीच्या देवळापासून एकेक हत्ती उभा करत निघालं तर विश्रामबाग मागं टाकून रांग मिरजेच्या वाटेला लागते. आणि आम्ही चार सेंटिमीटरच्या पट्टीवर एक असे तीन हत्ती मांडून "मामा, तुझी बाजू उघडी पडली" म्हणतो.

म्हणजे आमचा डाव मुख्य लढाईचा आणि तिथं चिखल नव्हताच. एरियनला धरलं तर भाचा चोख जिंकला. कर्टियसला धरलं तर त्याचा तो शेवटचा रथ निम्म्या वेळा तरी रुतायला हवा होता. मला हायसं वाटायला हवं होतं. पोरस काही मूर्ख नव्हता, आदल्या रात्रीचा पाऊस त्यानंही पाहिला होता, रथ घेऊन आलेला राजा कोरडी जागा शोधणारच. मला तर एरियनचंच खरं वाटतं. पण मी चिखल काढला तेव्हा मला एरियन कुठं माहीत होता? मी तो ताईच्या भाकरीसाठी काढला होता. आणि पोरगं विचारत होतं ते इ.स.पू. ३२६ बद्दल नव्हतंच. त्याला विचारायचं होतं की तू मला जिंकू दिलंस का. सुरुवातीला चिखल मान्य केला होता, त्यानं दोनदा रुतलेला रथ दोनदा फासा टाकून काढला होता, बोटं चावत. मग तिसऱ्या वेळी मामा म्हणतो, असू दे. ताकदीनं दार ढकलावं आणि आतून कुणीतरी आधीच कडी काढलेली असावी, तसं झालं असणार त्याला. सुरुवातीपासून चिखल नसता तरी त्याचं काही म्हणणं नव्हतं.

पुढच्या रविवारी दोघांच्याही समोर सगळं कबूल केलं. अप्पांना आधी राग आला तो मी वहीच्या मागं चिखल पुसल्याचा नव्हे, तर एरियनमधली वाळू त्यांच्या नजरेतून सुटल्याचा. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझा फोन डोळ्यापाशी धरला, तीनदा वाचलं. "वाळू," म्हणाले. "नदीकाठची वाळू ओली झाली की उलट घट्ट होते. बरोबर आहे त्याचं." अडीच पानांवर त्यांनी पेन्सिलीनं बारीक रेघ मारली, खोडण्यासारखी नाही, नुसती शेजारून.

भाचा तोपर्यंत पट्ट्या मांडत होता. पोटाखाली गाळ असलेला हत्ती त्यानं नेहमीसारखा राजाच्या पट्टीसाठी घेतला. म्हणाला, "मग आधीच फासा टाकू की. विषम पडला तर वाळू, सम पडला तर चिखल. जे पडेल ते शेवटपर्यंत. आजी जेवायला बोलावू दे नाहीतर आई."

"इतिहास काय फाशावर ठरवायचा होय रे?" अप्पा म्हणाले.

"तुम्हाला माहितीय का मग, चिखल होता का नव्हता?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी झेलमचं कापड सरळ करत होतो. पोरानं फासा दोन्ही हातांत घोळवला, फुंकर मारली आणि इतक्या जोरात टाकला की तो सिकंदराच्या घोडेस्वारांना उडवून टेबलावरून खाली गेला आणि फ्रिजखाली घरंगळला. "पुन्हा टाकतो," तो म्हणाला.

"अजिबात नाही," अप्पा म्हणाले. "पडला तो पडला." आणि गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, ते फरशीवर आडवे झाले, एक गाल फरशीला लावला, मोबाईलचा टॉर्च फ्रिजखाली धरला. आतून जळमटं, एक वाळकी मिरची, पुराच्या गाळाची एक करडी रेघ.

"काय पडलंय, अप्पा?"

"थांब की जरा," त्यांचा आवाज खालून आला. "दिसू तर दे."